घरी लिथियमचा पॅक बांधायचाय: एनएमसी घ्यावा की एलएफपी?

आधी एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचा) मोठा आकडा बघून सेल घ्यायचे आणि मग त्यावर काय चालेल ते शोधत बसायचं, इथंच घरगुती पॅकचं गणित चुकतं. उपकरणाला किती व्होल्ट लागतात आणि ते हातात फिरणार आहे की भिंतीवर टांगलेलं राहणार आहे, एवढं आधी ठरवा. मग सेलची निवड बरीच सोपी होते.

घरच्या कामासाठी समोर दोन प्रकार येतात. एक एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्टचा. जुन्या लॅपटॉपमधून निघणारे १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) बहुतेक याच व्होल्टेजचे. सरासरी ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३ च्या आसपास आला की थांबायचं. दुसरा एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेटचा. सरासरी ३.२, पूर्ण भरल्यावर ३.६५, आणि तळ २.५.

वजनात एनएमसी सरळ जिंकतो. ३००० एमएएचचा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि त्यात जवळपास ११ वॅट-तास मावतात. त्याच आकाराच्या एलएफपी सेलमध्ये साधारण १५०० एमएएच, म्हणजे ५ वॅट-ताससुद्धा नाहीत. म्हणून एलएफपी घेणारे बहुधा ३२७०० हा जाडजूड सेल घेतात: ६००० एमएएच, वजन १४० ग्रॅमच्या आसपास. डोक्याला लावायचा दिवा, टॉर्च, सायकलचा दिवा यांसाठी एनएमसीच घ्या. जागेवरून न हलणाऱ्या दिव्याला मात्र या वजनाचं काहीच ओझं नाही.

अशा दिव्यांसाठी माझं मत ठाम एलएफपीच्या बाजूनं आहे. १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचंच बघा. तिच्यात तीन-तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात आणि सोबत एक रेझिस्टर. एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. एनएमसीचे तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, लावले तर पॅक १२.६ पासून सुरू होतो आणि अर्धा रिकामा होईपर्यंत ११ च्या जवळ येतो. रेझिस्टरच्या वाट्याला दोनच व्होल्ट उरतात, करंट दोन तृतीयांशावर येतो आणि उजेड डोळ्यांना कळेल इतका उतरतो. पुढे तो उतरतच जातो. एलएफपीचे चार सेल मात्र बराच काळ १३ च्या आसपास टिकून राहतात आणि उजेड शेवटपर्यंत जवळपास सारखा मिळतो. फक्त १३ व्होल्टला पट्टीतून ठरल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त करंट जातो आणि ती तापते, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल टाकून १२ च्या खालीच चालवा.

छोट्या सर्किटांनाही हे स्थिर व्होल्टेज मानवतं. ३.३ व्होल्टवर चालणारे ईएसपी३२ सारखे वाय-फायचे छोटे बोर्ड ३ ते ३.६ व्होल्ट सहज घेतात, त्यामुळे ३.६ पर्यंतच भरलेला एक एलएफपी सेल रेग्युलेटरशिवाय थेट जोडता येतो. यूएसबीचे ५ व्होल्ट हवे असतील तर दोन्हींत व्होल्टेज चढवणारं बूस्ट मॉड्यूल लागतंच आणि तिथं गळती होते. ३००० एमएएचच्या एनएमसी सेलमधून ५ व्होल्टला प्रत्यक्षात १८०० एमएएचच्या आसपासच हाती येतात.

आयुष्य आणि सुरक्षितता या दोन्हींतही एलएफपी पुढे. एनएमसी साधारण ३०० ते ५०० वेळा भरून-रिकामा झाल्यावर ८० टक्क्यांवर येतो, चांगला एलएफपी दोन हजारांच्या घरात जातो. त्याच्या रचनेत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही आणि आगीला खतपाणी मिळत नाही. पण आतलं द्रावण दोन्हींत ज्वलनशीलच असतं आणि शॉर्ट झालेला एलएफपी सेलही तार लालभडक करतो. पॅकच्या धन टोकाशी फ्यूज टाकायचा तो दोन्हींत. एनएमसीच घेणार असाल तर ४.२ ऐवजी ४.१ पर्यंतच भरा. दहा टक्क्यांच्या आसपास क्षमता सोडावी लागते, पण सेल कितीतरी जास्त टिकतो.

चार्जरची अदलाबदल कधीच करू नका. सगळीकडे दिसणारं टीपी४०५६ हे चार्जिंग मॉड्यूल ४.२ व्होल्टचं आहे, एलएफपी त्यावर लावला तर तो अतिभरण होऊन खराब होतो. टीपी५००० मध्ये ४.२ की ३.६ हे निवडता येतं, पण जोडण्याआधी मल्टिमीटर लावून खात्री करा. टीपी४०५६ ची आणखी एक खोड आहे. चार्जिंग करंट एक दशांशावर आला की ते थांबतं. चार्ज होत असताना दिवाही चालू असेल तर करंट तेवढा खाली येतच नाही आणि सेल तासन् तास ४.२ वर ताटकळत राहतो. सिरीजच्या पॅकला प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस (संरक्षक सर्किट बोर्ड) हवाच, आणि तोही त्याच रसायनाचा.

नवे की जुने? जुने सेल फुकटात मिळतात, पण ते तपासायला वेळ आणि चिकाटी लागते. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल जिवंत करायच्या फंदात पडू नका. आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होतो. बाकीचे पूर्ण भरून दोन आठवडे ठेवा, ४.१ च्या खाली घसरलेला बाजूला काढा. पास झालेले एकटे किंवा पॅरललमध्ये (धनला धन, ऋणला ऋण जोडून) वापरा, आणि पॅरलल करण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज सारखं करून घ्या. जुन्यांचा सिरीज पॅक मी कोणालाही सुचवणार नाही: त्यातला सगळ्यात कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्यातून करंट ढकलत राहून त्याला उलटा चार्ज करतात. नवे घेतानाही डोळे उघडे ठेवा. १८६५० वर ५००० किंवा ९९०० एमएएच छापलं असेल तर तो आकडा खोटा आहे.

जोडणीसाठी, पहिलाच पॅक असेल तर होल्डर घ्या. एखाद-दुसऱ्या अँपिअरपर्यंत तो पुरतो आणि सेल काढून तपासता येतात. जास्त करंट हवा असेल तर स्पॉट वेल्डिंग आणि शुद्ध निकेलची पट्टी. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी ओळखायला ती खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंज दिसेल. सेलवर थेट सोल्डरिंग नकोच, उष्णतेनं आतला पडदा खराब होतो. सोल्डरच करायचं असेल तर पट्ट्या आधीच लावलेले सेल मिळतात. आणि धन टोकाला कागदी इन्सुलेटरची रिंग विसरू नका. सेलचा अख्खा डबा ऋण असतो, अगदी धन टोपीच्या कडेपर्यंत, आणि मध्ये असतं ते फक्त पातळ प्लास्टिकचं कव्हर.

निव्वळ फोन चार्ज करायचा असेल तर हा सगळा खटाटोप नको, तयार पॉवर बँक घ्या. मात्र कमी करंटवर चालणारा बारीक दिवा किंवा सेन्सर लावायचा असेल तर बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळात स्वतःच बंद होतात. तिथं स्वतः बांधलेला, एका एलएफपी सेलचा साधा पॅक खरंच उपयोगी पडतो.