मॅकबेथच्या मागे धावायचंय? शांघाय की सोल

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वर बेतलेलं ‘स्लीप नो मोअर’ हे नाटक बघायला न्यूयॉर्कला जायचं ज्यांनी मनात ठेवलं होतं, त्यांच्यासाठी आधी वाईट बातमी. चेल्सी भागात पश्चिम 27व्या रस्त्यावर मार्च 2011 पासून चाललेला तो प्रयोग 5 जानेवारी 2025 ला कायमचा थांबला. बंद होणार ही घोषणा 2023 च्या अखेरीसच झाली होती, पण मग ‘शेवटचे काही प्रयोग’ वर्षभर लांबत राहिले, आपल्या ‘लोकाग्रहास्तव’वाल्या जाहिरातींसारखे. आता उरतात आशियातले दोन पत्ते: शांघाय, जिथे तो डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाला, आणि सोल, जिथे तो 2025 च्या उन्हाळ्यात आला. नाट्यसंस्था एकच, लंडनची पंचड्रंक. दिग्दर्शक तेच, फेलिक्स बॅरेट आणि मॅक्सिन डॉइल. साचाही तोच. मग निवडायचं कशावरून?

आधी साचा, कारण तो पटला नाही तर दोन्ही शहरं तुमच्यासाठी बाद आहेत.

इथे रंगमंच नाही, खुर्च्या नाहीत, मध्यंतर नाही. एक अख्खी बहुमजली इमारत 1930 च्या दशकातल्या एका हॉटेलच्या रूपात उभी केलेली असते. आत शिरताना तुम्हाला पांढरा मुखवटा देतात, फोन बंद करून ठेवायला लावतात आणि बोलायचं नाही अशी ताकीद मिळते. त्यानंतर तुम्ही मोकळे. हवं त्या खोलीत जा, कपाटं उघडा, टेबलावरची पत्रं वाचा, नाहीतर एखाद्या पात्राच्या मागे जिने चढत-उतरत पळा. नट जवळजवळ बोलतच नाहीत. मॅकबेथ आणि लेडी मॅकबेथ यांच्यातलं सगळं काही नृत्यातून, झटापटीतून, नजरेतून घडतं. शेक्सपिअरच्या गोष्टीत हिचकॉकचा ‘रिबेका’ हा चित्रपट मिसळलेला आहे, स्कॉटलंडमधल्या पेझली गावात 1697 साली झालेल्या चेटकीण-खटल्याचे धागे आहेत, आणि मागे जुन्या काळातल्या नाचगाण्यांचं आणि हिचकॉकच्या चित्रपटांचं संगीत सतत वाजत असतं.

प्रत्येक पात्राची कथा साधारण तासाभराची असते. तास संपला की सगळं मूळ जागी येतं आणि पुन्हा सुरू होतं. एका संध्याकाळी अशी आवर्तनं तीनपर्यंत होतात. कागदावर ही निव्वळ सोय वाटते, म्हणजे पहिल्यांदा चुकलेलं दुसऱ्यांदा बघता यावं. मला मात्र या नाटकातली सगळ्यात मोठी कल्पना हीच वाटते. मूळ संहितेत राजा डंकनला मारून आलेला मॅकबेथ सांगतो की त्याला एक आवाज ऐकू आला, आता झोप नाही, मॅकबेथने झोपेचाच खून केला. नाटकाचं नाव तिथूनच आलंय. इथे तो माणूस खून करतो, रक्ताने माखून बायकोकडे येतो, ती त्याला न्हाऊ घालते, तो कोसळत जातो, आणि तासाभराने पुन्हा त्याच जिन्यावरून त्याच खोलीकडे निघतो. आणि मुखवट्याआडून बघणारे तुम्ही, तो काय करणार हे माहीत असूनही गप्प उभे. मूळ नाटकातलं मॅकबेथचं ‘टुमॉरो अँड टुमॉरो’ हे गाजलेलं स्वगत इथे कोणी म्हणत नाही. त्याची गरजही उरत नाही, असं माझं मत. ते न पटणारे पुष्कळ असतील. त्यांच्याकडे पुढे येतो.

आता शांघाय.

जिंगआन भागात बीजिंग वेस्ट रोडवरची पाच मजली इमारत म्हणजे इथलं ‘मॅककिनन हॉटेल’. स्थानिक भागीदार शांघाय मीडिया ग्रुपची प्रयोगशाखा. न्यूयॉर्कची नक्कल करून मोकळं व्हायचं नाही म्हणून इथे एक चिनी थर घातला गेला: श्वेतनागिणीची दंतकथा. हांगचौच्या पश्चिम सरोवरावर शू शिएन नावाच्या तरुणाला भेटलेली बाई खरं तर नागीण असते. दोघांचं लग्न होतं, फाहाय नावाचा भिक्षू मध्ये पडतो आणि शेवटी तिला लेइफंग पॅगोड्याखाली कोंडून ठेवतो. चिनी प्रेक्षकाला ही गोष्ट लहानपणापासून पाठ असते, तुम्हाला नसणार. म्हणून शांघायला जाणार असाल तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी हांगचौला जाऊन या. हायस्पीड ट्रेनने तासाभराचा रस्ता आहे. सरोवराकाठी तो पॅगोडा आजही दिसतो. मूळचा 1924 मध्ये कोसळला, आताचा 2002 साली पुन्हा उभारलेला आहे. संध्याकाळच्या उन्हात तो बघून आलेल्याला त्या अंधाऱ्या हॉटेलातली नागीण जास्त कळेल.

हा थर मॅकबेथला पोसतो का? अर्धवट. रिबेका, पेझलीच्या चेटकिणी आणि वर श्वेतनागीण, म्हणजे कथांची दाटी होते. ज्याला फक्त मॅकबेथच हवाय त्याला हा पसारा वाटेल. पण नवऱ्यासाठी जिवावर उदार होणारी, माणूस नसलेली एक बाई लेडी मॅकबेथशेजारी ठेवून बघण्यात गंमत आहे. शिवाय बाहेरून आलेल्या नाटकाने त्या शहराची गोष्ट घरात घ्यावी, हे मला आवडतं.

शांघायचा खरा त्रास वेगळा आहे: तिथले भक्त. इतकी वर्षं चाललेल्या या प्रयोगाला पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला आहे. कुठलं पात्र कुठल्या मिनिटाला कुठल्या दाराशी थांबतं हे त्यांना तोंडपाठ. का, तर या नाटकात अधूनमधून एखादा नट गर्दीतून एकाच प्रेक्षकाचा हात धरतो, त्याला खोलीत नेतो, दार लावून घेतो, मुखवटा काढतो आणि फक्त त्याच्यासाठी दोन-तीन मिनिटांचा प्रसंग करतो. हा मान मिळावा म्हणून दाराशी आधीच गर्दी झालेली असते आणि नवखा माणूस मागे राहतो. लोकप्रिय पात्रांमागे तर जिन्यावर अक्षरशः लोंढा असतो. यावर उपाय एकच, मॅकबेथला सोडा. एखादी परिचारिका, हॉटेलातला हमाल, दुकानात एकटा बसलेला कोणीतरी, अशा दुय्यम पात्राला धरा. त्याच्या तासाभरात मॅकबेथ कडेने येऊन जातोच.

सोलमध्ये हाच प्रयोग चुंगमुरोतल्या पूर्वीच्या देहान चित्रगृहाच्या जागेत उभा आहे, ‘मॅकिथन हॉटेल’ या नावाने, आणि सात मजले व्यापून. चुंगमुरो म्हणजे कोरियन चित्रपटसृष्टीचं जुनं माहेर. देहान 1958 साली उघडलं, 70 मिलिमीटरच्या भव्य पडद्यासाठी नावाजलं गेलं आणि सप्टेंबर 2024 अखेर त्याने दारं लावली. आता गंमत बघा. या नाटकाचं अर्धं रक्त हिचकॉकचं. न्यूयॉर्कच्या प्रयोगातल्या मॅककिट्रिक हॉटेलचं नावसुद्धा त्याच्या ‘व्हर्टिगो’ चित्रपटातून उचललेलं. असं नाटक एका मेलेल्या चित्रगृहात येऊन राहावं, याहून चपखल जागा शोधून सापडली नसती. अर्थात फार हुरळूनही जाऊ नका: 1958 ची मूळ वास्तू आता नाही, तिथे 2001 मध्ये अकरा पडद्यांचं मल्टिप्लेक्स झालं होतं आणि नाटक आलंय ते त्या इमारतीत. जुन्या चित्रगृहाच्या भिंतींना हात लावायला मिळेल या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल.

सोल नवं आहे म्हणून तिथे भक्त नसतील, हाही भ्रम. कोरियात संगीत नाटकं एकाच हंगामात अनेकदा बघणाऱ्यांची परंपराच आहे. फिरत्या दारातून आत-बाहेर करावं तसे ते परत येत राहतात. पण शांघायच्या प्रेक्षकांना जवळपास नऊ वर्षांची आघाडी आहे, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याला ती जाणवते.

प्रवासाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे व्हिसा लागतो. भारत-चीन थेट विमानं 2020 पासून बंद होती, ती ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. सोलचं चित्रगृह चुंगमुरो मेट्रो स्थानकाला लागूनच आहे, 3 आणि 4 क्रमांकाच्या मार्गिका तिथे मिळतात, त्यामुळे रात्री परतायची चिंता नाही. शांघायमध्ये पैसे देण्यासाठी अलीपे आधीच फोनवर घालून आपलं कार्ड जोडून ठेवा आणि गूगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका. तसा तो कोरियातही पायी चालणाऱ्याला फारसा उपयोगी नाही. तिथे नेव्हर मॅप लागतो. मुख्य म्हणजे विमानाचं तिकीट काढण्याआधी नाटकाचं काढा. किती दिवस चालणार याचा नेम न्यूयॉर्कलाही नव्हता.

गुडघे दुखत असतील तर पाच मजले आणि सात मजले यांतला फरक गमतीचा नाही. तीन तास उभं राहणं आणि जिने, दोन्ही आलंच. चष्मा असेल तर मुखवटा त्यावर नीट बसत नाही; लेन्स असतील तर त्या दिवशी लावा. धूर, लुकलुकणारे प्रखर दिवे, काळोख्या अरुंद वाटा यांचा ज्यांना त्रास होतो त्यांनी जाऊ नये. लहान मुलांना घेऊन तर नाहीच.

आणि ज्यांना शोकांतिका म्हणजे शब्दच वाटतात, त्यांनी हे पैसे वाचवावेत. त्यांच्यासाठी लंडनला थेम्सकाठचं, 1997 मध्ये पुन्हा उभं राहिलेलं ग्लोब नाट्यगृह आहे. तिथल्या अंगणात, उघड्या आभाळाखाली, अगदी स्वस्त तिकिटात उभं राहून शेक्सपिअर ऐकता येतो. पाय तिथेही दुखतात, छत्री उघडू देत नाहीत, पण नट तुमच्या डोळ्यांत बघून ओळी म्हणतो. नटाच्या मागे धावायचं नसतं, तो समोरच असतो.

मग माझा कौल? मॅकबेथसाठीच जात असाल तर सोल. कथांची सरमिसळ कमी, आणि एका चित्रपटवेड्या नाटकाला लाभलेला चित्रपटांचा परिसर. चीन बघायला निघालाच असाल आणि नाटक त्या प्रवासाचा भाग असेल, तर बिनदिक्कत शांघाय, मात्र हांगचौसकट. एकट्या नाटकासाठी शांघाय गाठावं असं मला वाटत नाही.

एक तयारी दोन्हीकडे सारखीच लागते. नाटक मुकं आहे, त्यामुळे मँडरिन किंवा कोरियन येत नसल्याने फारसं अडत नाही; एकांतातल्या प्रसंगात कानात पुटपुटलेलं वाक्य तेवढं हुकेल. पण मॅकबेथ माहीत नसेल तर काहीच हाती लागणार नाही. बँको कोण, मेजवानीत रक्ताळलेला माणूस का येतो, ती बाई हात का धुते, हे आत कोणी सांगत नाही. इंग्रजी जड जात असेल तर कुसुमाग्रजांनी 1954 साली केलेलं मराठी रूपांतर ‘राजमुकुट’ वाचून जा. दोन संध्याकाळी पुरतात.

तिकीट काढताना वेळेच्या यादीत सगळ्यात आधीची वेळ घ्या. प्रेक्षकांना टप्प्याटप्प्याने आत सोडतात, पण शेवटच्या प्रसंगासाठी मोठ्या दालनात सगळे एकाच वेळी जमतात, म्हणजे उशिरा शिरणाऱ्याला तेवढंच पैसे देऊन नाटक कमी मिळतं.