प्रीकास्ट कर्ब आणि ब्रूम फिनिश फुटपाथ: दुकानांच्या आवारात कितपत टिकतात?

कर्ब म्हणजे फुटपाथच्या कडेला बसवायचा काँक्रीटचा दगड, आणि प्रीकास्ट म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेला. बाजारात कर्ब आणि फुटपाथचं काम रनिंग मीटरवर विकलं जातं. कोटेशनमध्ये ओळ एकच: 'कर्ब स्टोन पुरवून बसवणे, मागे काँक्रीट फुटपाथ करणे, मजुरीसह.' कर्बखाली पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) आहे का, मागे काँक्रीटची पाठ आहे का, जॉइंट कोण कापणार, पाणी कोण मारणार, यातलं त्या ओळीत काहीच नसतं. स्वस्त आणि महाग कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा या न लिहिलेल्या चार गोष्टींचाच असतो. काम झालं त्या दिवशी दोन्ही सारखीच दिसतात. एक पावसाळा जाऊ द्या आणि मालाचा टेम्पो दोन-चारदा कर्बला घासू द्या, मग कळतं.

इथे डोळ्यांपुढे आहे ते पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांतलं मध्यम आकाराचं दुकानसंकुल. दर्शनी बाजू १०० मीटर, फुटपाथ १.८ मीटर रुंद, मध्ये गाड्यांची दोन फाटकं. हद्दीबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा, त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. पुढचं सगळं आवाराच्या आतल्या कामाबद्दल आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सरळ लांबीला मशीनवर बनलेला प्रीकास्ट कर्ब घ्या, वळणावर आणि फाटकावर जागेवर ओतलेला, आणि फुटपाथला झाडू मारलेलं साधं काँक्रीट. स्लिपफॉर्म मशीनने ओतलेला अखंड कर्ब दिसायला सुरेख असतो, पण तो हायवेच्या दुभाजकासारख्या लांबलचक कामाला परवडतो. १०० मीटरसाठी, त्यात दोनदा तोडून, ते मशीन कुणी आणणार नाही.

आता माल. कर्बचा सर्रास मिळणारा तुकडा ५०० मिमी लांब, ३०० उंच, १५० जाड. वजन साधारण ५० किलो, म्हणजे दोन माणसांचं ओझं. १०० मीटरला २०० नग लागतात. वाहतुकीत कोपरे उडतात म्हणून पाच-सहा जास्तीचे मागवा. रबर मोल्डचा माल गुळगुळीत आणि चकचकीत असतो, मशीनचा थोडा खरबरीत आणि मळकट. गिऱ्हाईक हटकून चकचकीत उचलतं. चकाकी ही साच्याची करामत असते, काँक्रीटची नव्हे. मिश्रण साच्यात सहज उतरावं म्हणून त्यात पाणी वाढवलेलं असेल तर तोच चकचकीत तुकडा दोन वर्षांत कडेने झडायला लागतो. रबर मोल्डमध्ये चांगला माल बनतच नाही असं मात्र नाही. तो नीट बनवणारे शोधावे लागतात, एवढंच.

पारख करायची तर गाडीतून एक नग उतरवून हातोड्याने टिचकवा. पक्क्या तुकड्याचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा बद्द. मग तोच नग सरळ फोडा. दोनशेत एक गेला तर बिघडत नाही. तुटलेल्या तोंडावर खडीचे दाणे स्वतः चिरलेले दिसले तर माल चांगला. दाणे अख्खेच्या अख्खे सुटून आले आणि मागे त्यांचे वाटीसारखे खळगे राहिले, तर सिमेंटने खडी धरलेलीच नाही. आतला भाग बाहेरच्यापेक्षा भुरा आणि कोरडा असेल तर कारखान्यात पाणी नीट मारलेलं नाही. प्रीकास्ट कर्बसाठी आयएस ५७५८ हे मानक आहे, १९८४ची त्याची सुधारित आवृत्ती. चाचणीचा अहवाल त्यानुसार मागा आणि चलनावर नग ओतल्याची तारीख लिहून घ्या. चौदा दिवसांच्या आतला माल उतरवूनच घेऊ नका.

कर्बची उंची हा वादाचा मुद्दा होतो. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) वर्गवारीत साधारण १०० मिमीचा चढता येणारा, १५० मिमीचा वरून तिरकस सेमी-बॅरियर आणि २०० मिमीचा बॅरियर असे प्रकार येतात. गाड्या वर चढू नयेत म्हणून दुकानदार २०० मागतात. पायी चालणाऱ्यांच्या सोयींवरच्या आयआरसी १०३ मध्ये फुटपाथची उंची १५० मिमीच्या वर जाऊ नये असं आहे, आणि ते बरोबरच आहे. २०० मिमीवरून पिशव्या घेऊन उतरताना म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. गाड्यांचा बंदोबस्त बोलार्डने, म्हणजे वाट अडवणाऱ्या छोट्या खांबांनी करा.

बसवण्यातच खरी मेख आहे. ३०० मिमीच्या नगाचा १५० मिमी भाग रस्त्याच्या पातळीवर दिसतो, १५० जमिनीत जातो. त्याच्याखाली १०० मिमी जाड आणि ३५० मिमी रुंद एम १५चा पीसीसी हवा (एम पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो). रुंदी ३५० का? पुढे ५० मोकळी, मधे १५० कर्ब, मागे १५० पाठीला. ही पाठ म्हणजे कर्बच्या मागे उतरता ओतलेला काँक्रीटचा टेकू, फुटपाथच्या स्लॅबच्या तळापर्यंत. १०० मीटरला पीसीसी ३.५ घनमीटर आणि पाठ सुमारे २ घनमीटर, सगळं मिळून साडेपाच घनमीटर काँक्रीट. नेमकं हेच साडेपाच घनमीटर गायब होतं. कर्ब थेट मुरुमावर मसाल्याच्या दोन थापा टाकून उभा करतात आणि मागे माती लोटतात. लाइनदोरीला तो अगदी सरळ दिसतो. पुढे टेम्पोचं चाक एकदा टेकलं की नग मागे कलतो, जॉइंट उघडतो, पाणी आत शिरतं आणि मागचा मुरूम धुपून निघतो. म्हणून पाठ ओतल्यावर, मागे भराव टाकायच्या आधी, टेप लावून फोटो घ्या आणि बिलाचा तो टप्पा फोटोशी बांधून टाका.

दोन नगांमधली फट ५ ते १० मिमी ठेवून १:३ मसाल्याने (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) भरतात. भरायच्या आधी दोन्ही तोंडं ओली केली नाहीत तर मसाला महिन्याभरात सुटून पडतो. वळणावर सरळ नग वापरू देऊ नका. हिशेब सोपा आहे: ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर ५०० मिमीचे नग आतल्या कडेला चिकटवून लावले की बाहेरच्या कडेला प्रत्येक जॉइंटला २५ मिमीची फट पडते. मिस्त्री ती मसाल्याने बुजवतो आणि पहिलं चाक ती उखडतं. अर्धे नग लावले तर फट निम्मी होते. पण त्यापेक्षा पातळ प्लाय वाकवून शटरिंग करावं आणि एम २५ जागेवर ओतावं.

फुटपाथच्या खालची जमीन काळी असेल तर आधी तिचं बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा १०० मिमीचा स्लॅब तिच्यापुढे पापडासारखा. निदान ४५० ते ६०० मिमी काढून तिथे मुरूम भरावा, १५०-१५० मिमीच्या थरात, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने. ड्रेनेजच्या चराच्या जागी तर हे जास्तच सांभाळा. फुटपाथ खचतो तो बहुधा चरावरच, कारण चर एका दमात भरलेला असतो आणि वरून नुसती धुम्मस केलेली असते. त्यावर १५० मिमीचा जीएसबीचा, म्हणजे खडी-मुरुमाच्या दाबलेल्या मिश्रणाचा थर. १०० मीटरला तो २७ घनमीटर दबलेला, म्हणजे साडेनऊ ब्रास (एक ब्रास १०० घनफुटांचा), आणि सुटा माल जवळपास १२ ब्रास लागतो. ठेकेदाराने ९ ब्रासची पावती दाखवली तर थर कुठे पातळ झाला ते विचारा.

स्लॅब १०० मिमी, एम २५. १८ घनमीटर काँक्रीट म्हणजे ६ घनमीटरच्या तीन गाड्या, आणि सांडलवंडीला थोडं जास्त. स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचं माप, ७५ ते १०० मिमी मागा. गाडी आली की कामगार नळी घेऊन धावतो, त्याला तिथेच थांबवा. पाण्याचा परिणाम एका गोणीच्या हिशेबात बघा: ५० किलो सिमेंटला पाणी-सिमेंटच्या ०.४५ प्रमाणात साडेबावीस लिटर पाणी बसतं. त्यात १० लिटरची एक बादली ओतली की प्रमाण ०.६५ वर जातं आणि एम २५ नुसता कागदावर उरतो. मिश्रण घट्ट वाटत असेल तर आरएमसीवाल्याच्या (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याच्या) माणसाने अ‍ॅडमिक्श्चर हे काँक्रीट सैल करणारं रसायन घालावं, पाणी नव्हे.

उतार रस्त्याकडे, ५० ला १. म्हणजे १.८ मीटर रुंदीत ३६ मिमी. दुकानाच्या जोत्याची पातळी आधी मोजा. कर्बची पातळी रस्त्यावरून ठरते, शटरचा उंबरा इमारतीवरून, आणि दोघांचा मेळ कुणी घातला नसेल तर स्लॅब उलटा उतरतो. मग जुलैत दुकानात पाणी. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, स्लॅब फोडावाच लागतो.

फिनिशिंगची वेळ साधणं ही मिस्त्रीची खरी परीक्षा. काँक्रीट पसरून पट्टा मारला की थोड्या वेळाने पाणी वर येतं आणि पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. ती चमक स्वतःहून जाईपर्यंत थांबायचं असतं. घाईचा मिस्त्री थांबत नाही. वर कोरडं सिमेंट भुरभुरतो, पाणी टिपून घेतो आणि गुरमाळा फिरवतो. दिसायला लोण्यासारखं होतं, सहा महिन्यांनी त्याचे पापुद्रे निघतात. चमक गेल्यावर बोट दाबावं. पाच-सहा मिमीचा ठसा उमटला आणि बोटाला पाणी लागलं नाही, की हलका रंधा मारून चालण्याच्या दिशेला आडवा झाडू ओढायचा, एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गुळगुळीत फुटपाथचा हट्ट धरू नका, पावसात घसरगुंडी होते.

भेगा ठरल्या जागीच जाव्यात म्हणून स्लॅबमध्ये जॉइंट कापतात. ते १.८ मीटरवर, म्हणजे चौरस पॅनेल पडतात. खोली जाडीच्या चौथाई, इथे २५ मिमी. कटर सहा ते बारा तासांत फिरला पाहिजे, एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्याही आधी. 'उद्या कापतो' म्हणणाऱ्याच्या स्लॅबला रात्रीतच आपापल्या मर्जीने भेगा जातात आणि सकाळी कटर त्या भेगेशेजारून सरळ रेघ मारून जातो. इमारतीची भिंत, खांब, दिव्याचे पोल आणि चेंबर यांच्याभोवती १२ मिमीचा फिलर बोर्ड (दबणारी पट्टी) लागतो. चौकोनी खांबाच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग दिसली की बोर्ड घातलेला नाही हे न विचारता समजा. स्लॅबचा एक्स्पान्शन जॉइंट (उन्हात फुगायला सोडलेली फट) जिथे येतो तिथेच कर्बचाही यावा, नाहीतर एक दुसऱ्याला ओढून फोडतो.

पाणी मारण्यात सगळ्यात जास्त लबाडी. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस सांगतं. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा फ्लाय अ‍ॅश असेल, किंवा हवा कोरडी-उष्ण असेल, तर निदान १० दिवस. बाजारात बहुतेक पीपीसीच असतं, तेव्हा १० धरा, १४ केले तर उत्तम. आळी बांधून पाणी साठवायची पद्धत इथे चालत नाही, उतारामुळे वरची कड कोरडी राहते. ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, हाच उपाय. दुकानं चालू असतील तर निम्मी लांबी एकदा, निम्मी नंतर, असं वेळापत्रक आधीच करारात घाला.

फाटकावर स्लॅब १५० मिमी, एम ३०, ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांना २०० मिमीवर. व्हीलचेअरच्या रॅम्पचं गणित मात्र अनेकांचं चुकतं. १५० मिमी उंचीला १२ ला १ उताराने १.८ मीटर लांबी लागते. म्हणजे रॅम्प आडवा घातला तर फुटपाथची सगळी रुंदीच खाऊन टाकतो. अशा अरुंद जागी दोन्ही बाजूंनी अख्खा फुटपाथच लांबीच्या दिशेने उतरवावा. खाली कर्बची कड रस्त्याशी अगदी समतल हवी. गाड्यांच्या फाटकावर खपून जाणारा २५ मिमीचा उंचवटा इथे पुढच्या लहान चाकाला अडतो. दृष्टिहीनांना पायाने कळणाऱ्या टॅक्टाइल टाइलचे ठिपके रॅम्पच्या तोंडाशी बसवा, शोभेला मधेच नको.

पेव्हर ब्लॉकबद्दल विचारणा हमखास होते. केबल किंवा गॅसची लाइन टाकायला ते उचलून परत बसवता येतात, हा त्यांचा मोठा गुण आणि काँक्रीटचं तेवढंच मोठं उणं. पण ६० मिमीचे ब्लॉक वाळूच्या गादीवर असतात आणि कर्बच्या उघड्या जॉइंटमधून ती वाळू वाहून जाते. म्हणून कर्बला लागूनच ब्लॉक आधी खचतात. मधला मार्ग चांगला चालतो: सेवावाहिन्यांवर ४५० मिमीची पेव्हरची पट्टी, बाकी काँक्रीट.

गुण द्यायचे तर, पाठ आणि पीसीसीसकट बसवलेल्या प्रीकास्ट कर्बला पाचपैकी साडेचार, मुरुमावर उभ्या केलेल्याला एक. वेळेत कापलेल्या ब्रूम फिनिश स्लॅबला चार, एक गुण खोदकामाच्या डोकेदुखीसाठी कापला.

शेवटचं बिल द्यायच्या आधी टँकर मागवून वरच्या टोकाला पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने बघा. कुठे थारोळं राहिलं ते खडूने आखा, कर्बच्या प्रत्येक नगाला पायाने रेटा. काळा-पांढरा किंवा पिवळा पट्टा त्यानंतरच मारू द्या, तोही काँक्रीटला २८ दिवस झाल्यावर. ओल्या कर्बवरचा रंग क्षाराबरोबर सुटून येतो, आणि आठवड्यातच मारलेल्या रंगाखाली उडालेले कोपरे आणि भरलेल्या फटी दिसत नाहीत.