फोनवरचा मानसोपचार: पाचात साडेतीन तारे

सेवेचं नाव लिहीत नाही. एक तर भावाची ओळख उघड व्हायला नको, आणि पुढे ज्या तक्रारी करणार आहे त्या एकाच सेवेच्या असतील असंही मला वाटत नाही. कोविडमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी बंद पडली आणि तिच्या जागी फोन आणि व्हिडिओवर तपासणी सुरू झाली, तिचा हा अनुभव. रुग्ण माझा धाकटा भाऊ. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या निराशेत नेणारा आजार; त्यासाठी लिथियम हे औषध चालू. ११ मार्च २०२० ला महासाथ जाहीर झाली, त्याच्या थोडंच आधी तो वॉर्डातून घरी आला होता. दाखल का करावं लागलं, ते ज्यांच्या घरात हे दुखणं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. या क्षेत्रातली माणसं मात्र तेव्हाच जास्त सावध होतात, कारण वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडे आणि पहिले तीन महिने आत्महत्येचा धोका फार वाढलेला असतो. त्या काळात रुग्णाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी म्हणजे ठरलेली ओपीडी, रक्ततपासणी, डे-केअर, ओळखीची चार माणसं. नेमकं तेच सगळं एका आठवड्यात बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत झालेल्या किंवा थांबलेल्या होत्या. त्यामुळे आमच्या सेवेने निदान फोन उचलला, याचा एक तारा आधीच देऊन टाकते.

आता व्हिडिओ. ओपीडीत डॉक्टर भावाला दारातून खुर्चीपर्यंत चालत येताना बघायचे आणि अर्धी तपासणी तिथेच व्हायची. स्क्रीनवर दिसतो फक्त चेहरा, तोही खिडकीच्या उजेडात काळवंडलेला. लिथियमवरच्या माणसाच्या हाताची थरथर बघणं गरजेचं असतं. पहिल्या दोन्ही वेळा कुणी हात बघितलेच नाहीत. नंतर डॉक्टर स्वतःच म्हणायला लागले, "हात समोर धरा, बोटं पसरा, कॅमेरा खाली करा." शिकले बिचारे, आमच्याबरोबरच.

त्याहून मोठी अडचण एकांताची. सगळं घर घरात. सेवेचं अ‍ॅप विचारतं, "तुम्ही एकटे आहात का?" आणि शेजारी आई बसलेली. भाऊ म्हणतो, "बरं आहे." संपली तपासणी. शेवटी तो खाली उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलायला लागला. ज्यांच्याकडे गाडीही नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर अ‍ॅपमध्ये नाही. ज्याला आपल्यावर कुणीतरी नजर ठेवून आहे असं आजारातच वाटतं, त्याच्यासमोर कॅमेरा लावणं म्हणजे तर कहरच. अशांसाठी फक्त आवाजाचा पर्याय आहे, पण तो मागून घ्यावा लागतो.

पैसे वसूल झाले ते नर्सच्या फोनमुळे. डॉक्टर महिन्यातून एकदा, पण या सिस्टर दर बुधवारी, सांगितलेल्या वेळी. त्यांनी पहिल्याच फोनवर सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का? या आठवड्यात आलं का? काही ठरवलं होतं का?" स्पीकर चालू होता. आई चपापली. "असलं काय विचारता हो? नको ते डोक्यात भरेल." सिस्टर न चिडता म्हणाल्या, "आई, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असलं तर बाहेर यायला वाट मिळते." पुढच्या वेळेपासून त्या हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारू लागल्या, म्हणजे शेजारी कुणी असलं तरी भावाला खरं बोलता येईल. एवढी साधी युक्ती, पण अ‍ॅप बनवणाऱ्यांना सुचली नव्हती.

फोनवरच त्यांनी त्याच्याकडून सुरक्षा-आराखडा, म्हणजे जीव द्यावासा वाटला तर क्रमाने काय करायचं याचा कागद, लिहून घेतला. मूळ आराखडा बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. त्याचे सहा टप्पे: धोक्याच्या आपल्या खुणा, एकट्याने करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि ठिकाणं, मदत मागायची माणसं, मग डॉक्टर आणि तातडीची सेवा, शेवटी घर सुरक्षित करणं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या आपत्कालीन विभागांत हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन असं दोन्ही मिळालेल्या रुग्णांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. तो अभ्यास २०१८ चा. म्हणजे फोन ही इथे महासाथीतली तडजोड नव्हती, उपचाराचाच भाग होता. पण तिसरा टप्पा अडला. वाचनालय बंद, जिम बंद, मित्राच्या घरी जाणं बंद. भाऊ म्हणाला, "ठिकाणं कुठली लिहू, सिस्टर?" बराच वेळ दोघं त्यावरच बोलत होते. शेवटी एका जुन्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी फोनवर बुद्धिबळ, असं ठरलं. मित्र कायम हरतो, ही एक भर.

सहाव्या टप्प्यावर मात्र सेवा स्वतःच आडवी आली. लोकांनी बाहेर पडू नये म्हणून अ‍ॅप सरसकट तीन महिन्यांची औषधं घरपोच पाठवत होतं. रक्तदाबाच्या रुग्णाला ठीक आहे. नुकताच वॉर्डातून आलेल्या माणसाच्या घरात इतका साठा नको, हे सिस्टरना कळत होतं, अ‍ॅपला नाही. त्यांनी डॉक्टरांशी बोलून आठवड्याचाच पुरवठा करून घेतला आणि औषधं माझ्या कपाटात आली. भावाला विचारून, लपवून नाही. अ‍ॅप तरीही "आपला साठा संपत आला आहे, तीन महिन्यांची ऑर्डर द्या" असे निरोप पाठवत राहिलं. इथे अर्धा तारा कापला.

रक्ततपासणीचंही बरं नव्हतं. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी बघायची असते. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा "सकाळी कधीतरी" येणार. तो उशिरा आला की सकाळची गोळीही थांबवून ठेवायची. मी रोज फोन करून त्याला वेळेवर आणायला शिकले, पण ते सेवेचं काम होतं. उलट एक निरोप फार मोलाचा निघाला: ताप आला तर आयबुप्रोफेनच्या जातीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं, उलट्या-जुलाब लागले तर लगेच कळवा. पुढे घरात सगळ्यांना ताप आला तेव्हा तो निरोप कामी आला.

आता एक अख्खा तारा का गेला ते. एका रात्री भावाने अ‍ॅपवर लिहिलं, "नको वाटतंय सगळं." मशीनने उत्तर दिलं, "क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया पर्याय निवडा." पर्याय होते अपॉइंटमेंट, बिल, औषधं. ही सेवा तातडीसाठी नाही, हे वाक्य संमतीपत्रात कुठेतरी खाली आहे म्हणे. ते वाक्य आणि तातडीचा नंबर पहिल्याच पानावर, ठळक हवा. आम्ही कागदावरच्या पाचव्या टप्प्यातला नंबर लावला, इमर्जन्सीत गेलो, मास्क लावून रांगेत बसलो. त्याला दाखल करून घेतलं. आज तो बरा आहे.

त्या दिवसांत "आता आत्महत्यांची लाट येणार" असे निरोप खूप फिरायचे. २०२१ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात २१ देशांची आकडेवारी आली: पहिल्या काही महिन्यांत तशी वाढ दिसली नाही. वाचून बरं वाटलं. पण तो आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे. वॉर्डातून नुकताच घरी आलेला, ओपीडी तुटलेला माणूस त्यात वेगळा दिसत नाही.

ज्यांची तब्येत स्थिर आहे आणि डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. पहिल्यांदाच दाखवायचं असेल तर प्रत्यक्ष जा. ओपीडी उघडल्यावर सेवेने व्हिडिओ चालू ठेवला आणि सिस्टरांचे बुधवारचे फोन बंद केले. नेमकं उलटं करायला हवं होतं. तसा अर्ज दिला आहे. मजकूर माझा, सही भावाची.