सेंद्रिय रसायनशास्त्राचं पहिलं पुस्तक: मॅकमरी की क्लेडन?

लेखकांच्या नावांनीच ओळखली जाणारी ही दोन्ही पुस्तकं हजार पानांच्या पुढची, दोन्हींतली आकृत्यांची छपाई देखणी. त्यामुळे नुसती चाळून निवड होत नाही. आधी अनुक्रमणिका उघडा.

मॅकमरी फंक्शनल ग्रुपच्या (रेणूचं वागणं ठरवणाऱ्या अणुगटांच्या) वाटेने जातो. अल्केन, अल्कीन, अल्काइन, हॅलाइड, मग अल्कोहोल. अल्डिहाइड-कीटोनपर्यंत पोचायला एकोणिसावं प्रकरण उजाडतं. क्लेडन (सोबत ग्रीव्हज आणि वॉरन; दुसरी आवृत्ती, २०१२) सहाव्याच प्रकरणात कार्बोनिलला (अल्डिहाइड-कीटोनमधल्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाला) हात घालतो आणि एसएन२ला (कार्बनवरचा एक गट हटवून एका टप्प्यात दुसरा बसवणाऱ्या अभिक्रियेला) पंधराव्यापर्यंत ताटकळत ठेवतो. हा क्रम उफराटा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. कार्बोनिलमधला कार्बन इलेक्ट्रॉनला आसुसलेला असतो हे चटकन पटतं. न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा कण) आला, दुहेरी बंधातला पाय (π) बंध सुटला, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर गेले: इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारे दोन बाण, खेळ संपला. बाण काढायला शिकण्यासाठी याहून सोपी अभिक्रिया मला तरी माहीत नाही.

एकच गोष्ट दोन्हीकडे वाचून पाहा: सोडियम बोरोहायड्राइडने कीटोनचं क्षपण (रिडक्शन). मॅकमरी हे अभिकर्मक म्हणजे 'हायड्राइडचा पुरवठादार' असं सांगून सुटा हायड्राइड आयन कार्बनवर येताना दाखवतो. लक्षात राहतं, परीक्षेत लिहिताही येतं. क्लेडन इथे अडतो: सुटा हायड्राइड आयन न्यूक्लिओफाइलसारखा वागतच नाही, त्याचं चिमुकलं १एस ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनचा वावर असलेली जागा) त्या कामाचं नाही, तो प्रोटॉन ओढून घेणारा आम्लारी आहे. म्हणून त्याचा बाण बोरॉन-हायड्रोजन बंधापासून निघतो. वर न्यूक्लिओफाइल साधारण १०७ अंशांच्या कोनात का शिरतो, तेही तिथेच. ज्याला हे वाचून मजा येईल त्याने पुढचा विचार करू नये, क्लेडन घ्यावा. ज्याला धाप लागेल त्याने लाजू नये. ऑर्बिटलची भाषा अंगवळणी पडलेली नसेल तर हे पान जड जातंच.

एकट्याने, शिक्षकाशिवाय शिकणाऱ्याला मी मॅकमरीच देईन. वाचता वाचता मध्येच प्रश्न येतात आणि आपल्याला कळलं नाही हे दोन पानांतच कळतं. क्लेडनच्या दुसऱ्या आवृत्तीचे सरावप्रश्न ऑनलाइन आहेत, म्हणजे ते सोडवायला वेगळं उठावं लागतं, आणि आपण उठत नाही. शिवाय मॅकमरीची दहावी आवृत्ती २०२३ पासून ओपनस्टॅक्स या खुल्या पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. सिस्टिक फायब्रोसिसने गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ लेखकाने ती तशी खुली केली.

मॅकमरीचा धोका एकच: प्रत्येक ग्रुपखाली अभिक्रियांची यादी येते आणि विद्यार्थी ती पाढ्यांसारखी घोकू लागतो. त्यावर उपाय म्हणून सहावं प्रकरण, जिथे अभिक्रियांचे प्रकार आणि बाणांची रीत येते, ते दोनदा वाचा. मग सरळ एकोणिसाव्यावर उडी मारून परत सातव्याकडे या. म्हणजे मॅकमरीच, पण थोडा क्लेडनच्या चालीने.