हाय-पॉवर मार्क थ्री: कमरेला बाळगून नऊ महिने

मागच्या ऑक्टोबरापासून या जुलैपर्यंत ब्राउनिंग हाय-पॉवर मार्क थ्री हे पिस्तूल मी जवळजवळ रोज शर्टाखाली, उजव्या कमरेच्या किंचित मागे बाळगत आलो आहे. मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळ राहतो. या काळात त्यातून 1,850 गोळ्या झाडल्या आणि त्या सर्व नेमबाजीच्या रेंजवरच झाडल्या. ते कोणावर रोखण्याची वेळ आली नाही आणि कधी येऊही नये. मूळ रचना नव्वद वर्षांची, माझे मार्क थ्री, म्हणजे तिची नंतरची सुधारित आवृत्ती, तीसेक वर्षांपूर्वीची, आणि दुकानात त्याहून हलकी, छोटी व स्वस्त पिस्तुले मांडलेली असताना मी हे का निवडले, असे अनेकांनी विचारले. पहिल्या आठवड्यात दिलेले उत्तर आणि नऊ महिन्यांनंतरचे उत्तर एक नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या मराठी लोकांपैकी जे नुकते अमेरिकेत आले आहेत त्यांच्यासाठी कायद्याची बाजू आधी सांगतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी रोजचे शस्त्र घेऊ नये. मी ग्रीन कार्ड हाती आल्यानंतरच पहिले पिस्तूल घेतले. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, तरीही मी राज्याचा परवाना घेतला, कारण इतर अनेक राज्यांत तो मानला जातो आणि त्यासाठीची परीक्षा आपल्या मर्यादा दाखवून देते. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्या झाडायच्या असतात आणि 250 पैकी 175 गुण मिळवावे लागतात. मी ही परीक्षा याच पिस्तुलाने दिली. कोणत्या दुकानाच्या दारावर 30.06 ची, म्हणजे लपवलेले पिस्तूल आत आणण्यास मनाई करणारी, पाटी आहे, हे पाहूनच आत पाऊल टाकायची सवय तेव्हापासून लागली.

हे पिस्तूल माझ्या मनात फार आधीपासून होते. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भारतीय लष्करात वापरले जाणारे नऊ मिलिमीटर 1ए पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारे हाय-पॉवरच आहे. मामा त्याच्याविषयी मोजकेच बोलत, पण त्याची मूठ हातात आपोआप बसते, हे त्यांचे वाक्य माझ्या लक्षात राहिले. भारतात नऊ मिलिमीटर हा सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असल्यामुळे तिथे असे पिस्तूल माझ्या हाती येणे शक्य नव्हते. इथे एका परवानाधारक विक्रेत्याकडे वापरलेले मार्क थ्री प्रथम हातात घेतले, तेव्हा मामांचे वाक्य किती नेमके होते ते कळले.

ही मूठच या रचनेचे मर्म आहे. जॉन ब्राउनिंग यांनी 1923 मध्ये या पिस्तुलाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 26 नोव्हेंबर 1926 रोजी बेल्जियममधील लिएज येथे, एफएन या शस्त्रांच्या कारखान्यात काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. काम पुढे नेले ते एफएनचेच रचनाकार द्यूदोने सॅव यांनी. काडतुसे दोन रांगांत एकाआड एक बसवणारे मॅगझिनही (मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी) सॅव यांचेच. 1935 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारले, त्यावरून त्याला पी-35 असेही म्हणतात. त्या काळी बहुतेक लष्करी पिस्तुलांत सात-आठ गोळ्या मावत असताना यात तेरा मावत होत्या, आणि तरीही मूठ जाड न होता उलट हातात अधिक भरीव वाटत होती. आजही अनेक पिस्तुलांना तळहाताच्या मापाप्रमाणे बदलायच्या मागच्या पट्ट्या लागतात. या पिस्तुलाला तशी सोय नाही आणि माझ्या मध्यम आकाराच्या हाताला ती लागलीही नाही.

आता बाळगण्याविषयी. लांबी सुमारे 200 मिलिमीटर, नळी सुमारे 118 मिलिमीटर आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन 900 ग्रॅमच्या आसपास. तेरा गोळ्यांचे मॅगझिन भरले की ते एक किलोच्या पुढे जाते. सिग पी-365 सारखे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम 500 ग्रॅमचे असते आणि त्यात दहा गोळ्या मावतात, हे पाहता कागदावरचा हिशेब हाय-पॉवरच्या विरोधातच जातो. मात्र लपवण्याच्या बाबतीत लांबी मला वाटली होती तितकी आड आली नाही. नळी विजारीच्या आत राहते. शर्टातून उठून दिसते ती मूठ आणि जाडी. या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा पुढे-मागे सरकणारा भाग, अरुंद आणि गोलसर उताराची आहे, त्यामुळे कमरेला ते चपटे बसते. पहिले तीन आठवडे साध्या पट्ट्यावर काढले आणि संध्याकाळपर्यंत उजवी बाजू ओढल्यासारखी दुखू लागे. शस्त्रासाठीच शिवलेला जाड, दुहेरी चामड्याचा पट्टा घेतल्यावर वजन कमरेभोवती वाटले गेले आणि दुखणे थांबले. जो या वजनाचे पिस्तूल घेईल त्याने पट्ट्याचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धरावा.

बाळगण्याची पद्धत हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. हे सिंगल अॅक्शन पिस्तूल आहे. चाप घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे खेचत नाही, केवळ सोडतो. म्हणून ते तयार अवस्थेत बाळगायचे तर गोळी नळीत, घोडा मागे ताणलेला आणि सेफ्टीचा खटका वर, अशाच स्थितीत बाळगावे लागते. तो ताणलेला घोडा पाहून नवख्या माणसाला भीती वाटते, मलाही सुरुवातीला वाटली. मार्क थ्रीमध्ये सेफ्टीखेरीज फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवणारी आतील कळ आहे, जी चाप पूर्ण दाबल्याशिवाय बाजूला होत नाही. ती कशी चालते हे पिस्तूल खोलून, एकेक भाग हातात घेऊन समजून घेतल्यावर माझी भीती गेली. पण यंत्रावरचा विश्वास पुरेसा नाही, अंगठ्याचीही तयारी लागते. पिस्तूल बाहेर काढून लक्ष्याकडे वळवताना खटका खाली आणि परत ठेवताना खटका वर, ही हालचाल मी रिकाम्या पिस्तुलाने रोज रात्री पंचवीस वेळा केली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत रेंजवर कधीकधी मी खटका वर असतानाच चाप ओढत होतो, जानेवारीनंतर मे महिन्यातील एक प्रसंग सोडला तर तसे झाले नाही. म्हणजे अंगठ्याला दहा-अकरा आठवडे लागले. ज्याला इतका काळ रोजचा सराव करणे शक्य नाही, त्याने हे पिस्तूल घरी ठेवावे, रेंजवर त्याचा आनंद घ्यावा, पण कमरेला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चापाविषयी दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. या पिस्तुलात मॅगझिन काढले की चाप निकामी होतो. फ्रेंच सैन्याच्या अटींमुळे ही व्यवस्था मूळ रचनेत आली. चापाला जोडलेला एक छोटा दांडा मॅगझिनच्या पुढच्या बाजूवर घासत राहतो, त्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागतो. माझ्या पिस्तुलाचा चाप वजनकाट्यावर साडेतीन किलोच्या जरा खाली भरला. हा भाग काढून टाकला की चाप लगेच सुधारतो आणि पुष्कळ लोक तो काढतात. मी काढला नाही. स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या शस्त्रातून कारखान्याने बसवलेली सुरक्षा व्यवस्था आपण स्वतः काढून टाकली, हे एखाद्या दिवशी न्यायालयात समजावून सांगावे लागेल, ही शक्यता मला नको होती. त्याऐवजी मी मॅगझिनची घासली जाणारी बाजू गुळगुळीत करून घेतली आणि हजारेक गोळ्यांनंतर चाप जाणवण्याइतका मऊ झाला.

याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. पिस्तूल रिकामे करताना आपण मॅगझिन काढतो, नळीतील गोळी बाहेर काढतो, गोळीची जागा रिकामी आहे ना ते पाहतो. पण घोडा मात्र ताणलेलाच राहतो, कारण चाप चालत नाही. घोडा उतरवायचा तर मॅगझिन पुन्हा आत घालून चाप दाबावा लागतो. नुकत्याच रिकाम्या केलेल्या पिस्तुलात चुकून भरलेले मॅगझिन घातले आणि स्लाइड हलली, तर काय होईल हे सांगायला नको. मी यासाठी एक मॅगझिन कायमचे रिकामे ठेवले आहे आणि त्याच्या तळाला लाल पट्टी चिकटवली आहे. शिवाय सेफ्टी वर असताना स्लाइड मागे ओढता येत नाही, म्हणजे भरणे आणि रिकामे करणे ही दोन्ही कामे सेफ्टी खाली ठेवूनच करावी लागतात. म्हणून मी रोज भरणे-उतरवणे बंद केले. रात्री होल्स्टरसकट, म्हणजे म्यानासकट, पिस्तूल पलंगाजवळच्या कुलूपबंद लोखंडी पेटीत जाते आणि सकाळी तसेच कमरेला येते. तेच काडतूस रोज नळीत चढवत राहिले की त्यातील शिशाचा भाग हळूहळू आत दबतो, तो धोकाही यामुळे टळतो. घरी नऊ वर्षांची मुलगी आहे. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल असे शस्त्र ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी ती पेटी माझ्या घरी असतीच.

गोळी अडकण्याचे प्रसंग नऊ महिन्यांत चार आले. त्यांपैकी तीन विक्रेत्याने सोबत दिलेल्या एका जुन्या, दुसऱ्या कोणत्यातरी उत्पादकाच्या मॅगझिनमुळे होते. ते बाजूला ठेवले आणि प्रश्न मिटला. चौथ्या वेळी रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर पडली नाही. आधीच्या मालकाने स्लाइड परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग कधी बदलली होती याचा पत्ता नव्हता, म्हणून फेब्रुवारीत सगळ्या मुख्य स्प्रिंगा नव्या बसवल्या. त्यानंतरच्या अकराशे गोळ्यांत एकदाही अडथळा आला नाही, आणि त्यांत दोनशे गोळ्या मी प्रत्यक्ष बाळगतो त्याच पोकळ टोकाच्या होत्या. फार जुन्या हाय-पॉवरमध्ये गोळी वर चढण्याच्या उतारावर एक उंचवटा असे आणि पोकळ टोकाच्या गोळ्या तिथे अडखळत. मार्क थ्रीमध्ये तो उतार सरळ आहे, म्हणून बाळगण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पिस्तूल न घेता मार्क थ्रीच घ्यावे. युद्धकाळातील पिस्तुलांना इतिहास मोठा आहे. लिएज जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे जर्मन सैन्यासाठी आणि टोरांटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यात दोस्त राष्ट्रांसाठी, असे हेच पिस्तूल एकाच वेळी दोन्ही बाजूंना बनत होते. ते संग्रहात शोभते, त्याला रोजच्या घामात घालू नये.

घामाचा विषय निघाला आहे तर सांगतो की एप्रिलपर्यंत मला गंजाची चिंता नव्हती. मे महिन्यात तापमान 100 अंश फॅरनहाइटकडे गेले आणि बारा दिवस पिस्तूल पुसायचे राहून गेले. मुठीच्या मागच्या भागावर आणि मागच्या नेमाच्या (नेम धरायच्या खाचेच्या) कडेला तांबूस ठिपके उमटले. कार्बन पोलादाला टेक्सासचा उन्हाळा सोसत नाही. आता दर दोन दिवसांनी तेलाचा हात फिरवतो आणि होल्स्टरमध्ये अंगाच्या बाजूला चामड्याचा उंच पडदा असलेला नमुना वापरतो. प्लास्टिकची मूठ आणि कठीण आवरण दिलेली स्लाइड असलेल्या ग्लॉक 19 ला एवढी निगा लागत नाही. त्यात पंधरा गोळ्या मावतात आणि ते सव्वादोनशे ग्रॅमने तरी हलकेही आहे. केवळ उपयुक्ततेच्या तराजूत तोलले तर ग्लॉक पुढे आहे, हे मी मान्य करतो.

घोड्याच्या चाव्याविषयी लिहिणे भाग आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी स्लाइड मागे येताना घोड्याखाली सापडते. हात मोठा असेल तर हमखास. मला पहिल्या दोनशे गोळ्यांत दोनदा रक्त आले. मूठ दोनएक मिलिमीटर खाली धरायला शिकलो आणि ते थांबले, पण उंच धरण्याची सवय असलेल्यांनी आधी उसने घेऊन पाहावे.

मग तरीही हेच का? माझ्या बाबतीत उत्तर नेमाच्या कागदावर आहे. पंधरा यार्डांवर, सावकाश झाडलेल्या दहा गोळ्या मी या पिस्तुलाने तळहाताएवढ्या वर्तुळात ठेवू शकतो. आधीच्या छोट्या पिस्तुलाने मला हे दोन वर्षांत साधले नाही. वजनामुळे धक्का कमी बसतो, लांब नळीमुळे दोन नेमांमधील अंतर वाढते आणि मुठीमुळे पिस्तूल प्रत्येक वेळी त्याच जागी येते. जिथे एक चुकलेली गोळी भिंतीपलीकडच्या निरपराध माणसापर्यंत जाऊ शकते, तिथे अचूकतेला मी वजनाच्या वर ठेवतो.

एफएनने मूळ हाय-पॉवरचे उत्पादन 2018 च्या सुमारास थांबवले. त्यानंतर स्प्रिंगफील्ड कंपनीचे एसए-35 2021 मध्ये आले, त्यात मॅगझिन काढले की चाप निकामी करणारी ती व्यवस्था मुळातच नाही आणि मॅगझिन पंधरा गोळ्यांचे आहे. 2022 मध्ये एफएनने स्वतःच त्याच नावाचे नवे पिस्तूल काढले, पण त्याची आतील रचना वेगळी आहे आणि जुने भाग त्याला चालत नाहीत. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने जुन्या मार्क थ्रीच्या शोधात जास्त पैसे मोजण्याआधी एसए-35 हातात घेऊन पाहावे.

उन्हाळ्यात पातळ कपड्यांखाली ते आधीचे छोटे पिस्तूल आणि हिवाळ्यात हाय-पॉवर, असा विचार मी काही काळ केला होता. त्या छोट्याला अंगठ्याचा खटका नाही. मे महिन्यात दोन आठवडे ते बाळगून रेंजवर पुन्हा हाय-पॉवर हातात घेतले, तर पहिल्याच वेळी सेफ्टी वर असताना चाप ओढला गेला, आणि अकरा आठवड्यांची मेहनत किती नाजूक आहे ते दिसले. जूनमध्ये ते छोटे पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकले आणि त्या पैशांत तीन नवी तेरा गोळ्यांची मॅगझिन आणि स्प्रिंगांचे दोन संच घेऊन ठेवले.