खाडीकाठी एक, येऊरला दुसरा: सुपरझूम कॅमेरा निवडताना

ठाणे खाडीवर फ्लेमिंगो दिसायला लागले की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते: "मोबाइलमध्ये नुसते गुलाबी ठिपके येतात, कॅमेरा कुठला घेऊ?" विचारणाऱ्याला लेन्स बदलत बसायची हौस नसते आणि त्याची नजर खोक्यावरच्या ८३एक्स, १२५एक्स अशा आकड्यांवर खिळलेली असते. हा सुपरझूम कॅमेऱ्यांचा, म्हणजे एकाच न निघणाऱ्या लेन्सने जवळचं-लांबचं टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा, आढावा त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगते: झूमचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी ठरवा, तुम्ही उभे कुठे राहणार आहात. ऐरोली-नेरुळच्या खाडीकाठी जो कॅमेरा जीव लावून काम करतो, तोच येऊरच्या झाडीत हिरमोड करतो.

विचारात घ्यावेत असे कॅमेरे माझ्या मते चारच. निकॉन कूलपिक्स पी९५० (२०२०), त्याचाच थोरला भाऊ पी१००० (२०१८), कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० एचएस (२०१८) आणि सोनी आरएक्स१० मार्क ४ (२०१७). पी१०००ची सुधारित आवृत्ती पी११०० फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. तिच्यात यूएसबी-सी चार्जिंग आलं, पण लेन्स आणि वजन जवळपास तेच आहे, त्यामुळे पुढे पी१०००बद्दल जे म्हणेन ते दोघांनाही लागू धरा.

'एक्स' म्हणजे लेन्सचं लांबचं टोक रुंद टोकाच्या किती पट. त्या भानगडीत न पडता थेट मिलिमीटर बघावेत, म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या तोलाने मोजलेला पल्ला. कॅनन २१ ते १३६५ मिमी, पी९५० २४ ते २०००, पी१००० २४ ते ३०००, सोनी २४ ते ६००. कॅननचं ६५एक्स २१ पासून मोजलंय आणि निकॉनचं ८३एक्स २४ पासून, म्हणून नुसत्या एक्सची तुलना फसवी ठरते. आणि डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ते घरी संगणकावरही करता येतं, त्याचे पैसे मोजू नका.

खाडीकाठी

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला. चिखलात उतरून पक्ष्याजवळ जायचा प्रश्नच येत नाही, आणि येऊही नये. अंतर खाडी ठरवते. ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात तेव्हा पक्षी दूर आत चरत असतात. भरतीचं पाणी चढलं की ते नेरुळचं डीपीएस तळं, सीवूड्सकडची एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य संस्थेजवळची पाणथळ अशा ठिकाणी सरकतात. त्यामुळे कॅमेऱ्याइतकंच महत्त्वाचं आहे ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक. सकाळी भरती असलेला दिवस निवडलात तर निम्मा झूम फुकटात मिळतो.

तरीही काठावर उभं राहून शंभर मीटरवरचा एकटा पक्षी टिपायचा तर २००० मिमी उपयोगी पडतात. या अंतरावर पी९५०च्या फ्रेमची रुंदी पावणेदोन मीटरच्या आत असते, म्हणजे एक मोठा रोहित (फ्लेमिंगो) मानेसकट, पायांसकट छान बसतो. सोनीत त्याच जागी सहा मीटर रुंदीचं दृश्य येतं आणि पक्षी मधोमध लहानसा दिसतो. "सोनीचा सेन्सर मोठा आहे, नंतर कापून घेऊ" असं पुष्कळ जण म्हणतात. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) मोठा आहे हे खरं. पी९५०चा साधारण ६.२ बाय ४.६ मिमी आणि सोनीचा १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. पण लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत ही चौपट हाती लागत नाही, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे.

पी९५०ची लेन्स पूर्ण ताणल्यावर तिची प्रत्यक्ष नाभीय लांबी ३५७ मिमी आणि छिद्र एफ ६.५ असतं. लांबीला एफच्या आकड्याने भागलंत तर प्रकाश आत घेणारं तोंड ५५ मिमीचं येतं. सोनीचं २२० मिमी आणि एफ ४, तिथेही ५५ मिमीच! म्हणजे दूरच्या एकाच पक्ष्याकडून दोन्ही कॅमेरे सारखाच प्रकाश गोळा करतात. निकॉन तो आपल्या छोट्या सेन्सरभर पसरतो, सोनी आपल्या मोठ्या सेन्सरच्या एका लहानशा भागावर टाकतो. त्यात पी९५०मध्ये त्या पक्ष्यावर लांबीला जवळपास तिप्पट पिक्सेल पडतात. म्हणून खाडीकाठी, लांबच्या आणि स्थिर पक्ष्यासाठी, निम्म्याहून कमी किमतीचा पी९५० सोनीच्या पुढे जातो. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पी९५० सुमारे ८०० डॉलरला होता आणि सोनी १७०० डॉलरला, त्यावरून फरकाचा अंदाज येईल.

आता खाडीचा खरा शत्रू: हवा. सकाळी नऊ-दहानंतर चिखल आणि पाणी तापतं, आणि तापलेल्या तव्यावर हवा थरथरते तशी ती पाण्यावर थरथरायला लागते. व्ह्यूफाइंडरमध्ये शेकाट्याचे लाल पाय बघा, सरळ काड्यांसारखे पाय नागमोडी होतात, चोचीला दुहेरी कड येते. हा दोष लेन्सचा नसतो, हाताचाही नसतो, आणि ट्रायपॉड लावून जात नाही. जितका झूम जास्त, तितकी ही थरथर ठळक. दहानंतर पी१०००चे ३००० मिमी आणि पी९५०चे २००० मिमी यांत खाडीवर काही फरक उरत नाही. म्हणून सूर्य उगवतो तेव्हा काठावर हजर राहा आणि ऊन चढलं की मोठ्या थव्यांचे, उडत्या पक्ष्यांचे फोटो घ्या.

उडते पक्षी म्हटलं की मात्र पी९५० उघडा पडतो. त्याचा ऑटोफोकस प्रतिमेचा उठाव मोजत पुढे-मागे जाऊन जुळवतो. धुरकट पार्श्वभूमीवर तो चाचपडत राहतो, आणि सेकंदाला सुमारे ७ फ्रेमने १० फोटो घेऊन झाले की कार्डावर लिहीपर्यंत थांबावं लागतं. सोनीत फोकस पुढे-मागे न चाचपडता थेट जुळवणारे ३१५ फेज डिटेक्शन बिंदू आहेत आणि वेग सेकंदाला २४ फ्रेमपर्यंत. थवा उठला, वळला, पंखांखालचा काळा-गुलाबी रंग क्षणभर उघडला, तो क्षण सोनी पकडतो. समीक्षकांनीही त्याच्या याच गुणाचं तोंड भरून कौतुक केलं. तक्रार होती ती किमतीची.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणार असाल तर हिशोब पुन्हा बदलतो. बोट पक्ष्यांच्या बऱ्यापैकी जवळ जाते, पण डुलते आणि इंजिनामुळे कापते. तिच्यावर ट्रायपॉड उभा केला तर तो ती थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. कॅमेरा हातात धरा, कोपर अंगाशी ठेवा, ६०० ते १००० मिमीच्या पुढे जाऊ नका, शटर १/१००० सेकंद ठेवा. इथे सोनी, कॅनन, पी९५० तिघंही पुरे पडतात. आणि नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. चरणारा थवा उठवून मिळालेला फोटो मला तरी नको.

येऊरच्या झाडीत

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, ठाणेकरांच्या अगदी दारातलं जंगल. इथे अंतर कमी आणि प्रकाशही कमी. जूनच्या तोंडाला नवरंग जमिनीवरच्या पालापाचोळ्यात उड्या मारतो, स्वर्गीय नर्तक फांदीखालच्या सावलीत शेपटी फिरवतो, दोघंही दहा-पंधरा मीटरवर. ६०० मिमी इथे भरपूर झाले. आता मघाचं गणित उलटतं: पक्षी जवळ असल्यामुळे निकॉनला झूम आवरून घ्यावा लागतो, तसं त्याचं प्रकाश घेणारं तोंडही आकसतं, तर सोनी पूर्ण ५५ मिमी आणि पूर्ण मोठा सेन्सर वापरतो. छोट्या सेन्सरवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० ओलांडला की पिसांची वीण पुसट व्हायला लागते, १६००ला छातीवरचा रंग लेपासारखा दिसतो. सोनीवर तेवढ्याच आयएसओला पिसं सुटी दिसतात. शिवाय या चौघांत धूळ आणि दमट हवेपासून थोडंफार संरक्षण देणारी बांधणी फक्त सोनीची आहे. मुख्य आवड जंगलाची असेल तर थांबून, पैसे साठवून सोनीच घ्या.

कॅनन कुणासाठी?

एसएक्स७० मला मनापासून आवडतो तो त्याच्या वजनासाठी. ६१० ग्रॅम. पी९५० किलोभर, सोनी ११०० ग्रॅमच्या आसपास, पी१००० तर १४१५ ग्रॅम. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गर्दीत उभ्याने नेरुळला जाऊन, दिवसभर गळ्यात अडकवून, परत त्याच गाडीने यायचं तर हा फरक मानेला कळतो. आणि जड म्हणून घरी राहिलेला कॅमेरा कितीही चांगला असला तरी काय उपयोग! त्याच्या २१ मिमीच्या रुंद टोकाने किल्ल्याची तटबंदी, लग्नाचा मांडव, घरातली मोठी पंगत सगळं एका फ्रेममध्ये येतं. झूम फ्रेमिंग असिस्टचं बटण दाबलं की लेन्स क्षणात मागे येते, हरवलेला पक्षी सापडतो, सोडलं की पुन्हा तिथेच जाते. निकॉनलाही असं बटण आहे आणि नवशिक्याने पहिल्या दिवशी तेच शिकावं. कॅननला टचस्क्रीन नाही, पूर्ण झूमवर छिद्र जेमतेम ३८ मिमीचं, त्यामुळे संध्याकाळी तो लवकर थकतो. वर्षातून चार सहली, मुलांचे खेळ, अधूनमधून खाडी, अशा घराला तो शोभतो.

पी१००० आणि चंद्र

२०१५ मध्ये पी९५०च्या आधीच्या पी९००च्या व्हिडिओंनी या जातीच्या कॅमेऱ्यांना घरोघरी पोचवलं. चंद्रावर झूम करत नेलं की विवरं दिसतात, हे बघून लोक थक्क झाले. त्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फोटोफाइल, नव्हतं, ही समीक्षकांची नाराजी पी९५०ने दूर केली. पी१०००त चंद्राची प्रतिमा फ्रेमच्या उंचीपेक्षाही किंचित मोठी पडते. पी९५०त साधारण सत्तर टक्के उंची भरते, जी मला जास्त सोयीची वाटते, कारण चंद्र फ्रेममधून झपाट्याने सरकत असतो. पी१०००बद्दल समीक्षकांचा सूर सारखाच राहिला: लांब पल्ला अचाट, पण शेवटी एफ ८, मोठं धूड आणि ट्रायपॉडवाचून न जमणारं काम. तुमची गच्ची उंच असेल, चंद्र, ग्रह, दूरची जहाजं यांचे व्हिडिओ हाच छंद असेल, तर जरूर घ्या. पक्ष्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

एक पर्याय मात्र याच वजनात डोकावून जातो. कॅनन आर५० आणि आरएफ १००-४०० लेन्स मिळून सुमारे किलोभर, म्हणजे पी९५०इतकंच. पल्ला ६४० मिमीच्या तोलाचा, सेन्सर सोनीहून खूप मोठा, आणि फोकस पक्ष्याचा डोळा ओळखतो. रुंद दृश्यासाठी दुसरी लेन्स लागते, आणि आज ना उद्या तिसरीही घ्यावीशी वाटते. छंद वाढणार याची खात्री असेल तर इकडे वळा. फोनचं म्हणाल तर १०एक्सवाल्या महागड्या फोनची काचही २३० मिमीच्या आसपास थांबते. पुढचं काम सॉफ्टवेअरचं.

घेताना आणि घेतल्यावर

आपल्याकडच्या हवेत बुरशी ही सगळ्यात मोठी धास्ती. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत बुरशी धरली की अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च कधी कधी कॅमेऱ्याच्या उरलेल्या किमतीवर जातो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. खाडीवरून आल्यावर किंचित ओलसर, मग कोरड्या कापडाने बाहेरची बाजू पुसा. खारी हवा लेन्सच्या नळीच्या फटीत बसते.

यातले काही कॅमेरे दुकानात नवे सहज मिळत नाहीत, म्हणून जुन्याकडे वळावं लागतं. ठाण्यात नाही मिळाला तर मुंबईला फोर्टात बोरा बाजारात चक्कर मारा. जुना घेताना झूम पूर्ण बाहेर काढून समोरून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरक्या नजरेने आत बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर तो कॅमेरा परत ठेवा. झूम चार-पाचदा आत-बाहेर करून कानाजवळ धरा, करकर ऐकू आली तर आत वाळू आहे. एफ ८ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके शोधा. झूममुळे हवा आत ओढली जाते आणि धूळ सेन्सरपर्यंत जाते, ती घरी साफ करता येत नाही. नवा घेत असाल तर पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे देऊ नका, मग दुकानदार कितीही सूट देवो. बॅटरी दोन घ्या. पी९५० एका चार्जिंगवर अधिकृत मोजणीने २९० फोटो देतो, पी१००० अडीचशे, आणि झूम खेळवत राहिलात तर त्याहून कमी.