डावखुऱ्या भाचीच्या रायफलला लाकडी दस्ता: मालगंजच्या मिस्त्रींचं काम

माझी भाची तेरा वर्षांची. हात डावा, आणि नेम धरताना डोळाही डावाच. २०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात सगळे टीव्हीसमोर होतो. कोल्हापूरकडचा मुलगा, म्हणून आजीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, अगं, आपल्या शेजारच्या खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरसुद्धा हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच्याच संघात होता, अखिल शेओरानला धरून तिघांनी मिळून सांघिक सुवर्ण आणलंय. भाची तिथेच म्हणाली, "मामा, मला शिकायचंय."

रायफल घेतली ती देशी बनावटीची, हवेच्या टाकीवर चालणारी, ४.५ मिलिमीटर छऱ्याची. ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवान्याची गरज नाही. यंत्र उत्तम निघालं. अडलं ते दस्त्यापाशी, म्हणजे खांद्याला लावून हातात धरायच्या मागच्या भागापाशी. कंपनीचा दस्ता उजव्या हाताच्या मोठ्या माणसासाठी घडवलेला. गाल टेकायचा उंचवटा डाव्या अंगाला, म्हणजे हिच्या गालाच्या नेमका उलट, आणि मुठीचा फुगवटा उजव्या तळव्यात बसणारा. पोरगी मान लांब करकरून नेम धरायच्या मागच्या छिद्रातून बघायची. अर्ध्या तासात मान धरायची आणि छरे आडवे पसरायचे. दहा मीटरच्या निशाणात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. तिथे वाकडी मान चालत नाही.

पहिला दस्ता मी बाहेरगावच्या एका कारागिराकडून फोनवर मापं सांगून मागवला. शिसवीचा, आरशासारखं पॉलिश. होळीच्या आठवड्यात आला, आणि मे महिन्याच्या मध्यावर मुठीच्या मागे, जिथे दस्ता सगळ्यात बारीक असतो, तिथे चीर गेली. उघडून बघितलं तर त्या बारीक जागेतून लाकडाच्या रेषा तिरप्या बाहेर पडत होत्या. रेषा मुठीच्या लांबीनं धावायला हवी. ती आडवी तुटली की लाकूड तिथेच फाटतं. त्यात लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, आणि इंदूरचा उन्हाळा ओलं लाकूड सोडत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून जास्त लागलं ते पोरीचं तोंड बघून.

मग एका जुन्या शिकारी कुटुंबातल्या ओळखीच्यांनी मालगंजच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे पाठवलं. दुकान म्हणजे एक खण. पुढे देव्हारे, पाट आणि दुरुस्तीला आलेले कॅरम बोर्ड. वडील महूच्या छावणीतल्या साहेबलोकांच्या बंदुकांचे कुंदे दुरुस्त करायचे, ते काम यांच्या हातात उतरलंय. इथे दस्ता म्हटलं तर कोणी ओळखत नाही, कुंदा म्हणायचं.

मी रायफलचं माप सांगायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं. "पहले बच्ची को लाओ." दुसऱ्या दिवशी तिला नेलं तर म्हणाले, नेमबाजीचं जॅकेट कुठाय? ते जाड असतं, त्याच्याशिवाय घेतलेलं माप बोटभर चुकतं. तिसऱ्या दिवशी जॅकेट घालून गेली. तिचा कोपर काटकोनात वाकवला, कोपराच्या खोबणीत एक फळी टेकवली आणि चापावर येणाऱ्या बोटाच्या पेरापर्यंत खूण केली. ३१ सेंटिमीटर. कंपनीचा दस्ता ३५ चा होता! चार सेंटिमीटर जास्त लांबीची वस्तू ती सहा महिने खांद्याला लावत होती आणि आम्ही तिला म्हणत होतो, नीट उभी राहा.

लाकूड त्यांनीच सुचवलं. शिसवी मजबूत आणि देखणी, पण जड, तेरा वर्षांच्या खांद्याला कशाला. अक्रोड सगळ्यात चांगला, पण महाग. त्यांच्याकडे एका पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागाची चौकट होती, कित्येक पावसाळे खाऊन निवांत झालेली. धक्का देणाऱ्या मोठ्या बंदुकीला साग मी देणार नाही, म्हणाले, पण हवेच्या रायफलीला धक्का कुठे असतो? रेषा मुठीतून सरळ जाईल अशी कड त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीनं आखली.

मला सगळ्यात आवडलेलं काम आता सांगतो. यंत्र लाकडात ज्या खाचेत बसतं, ती खाच सगळीकडून सारखी टेकली पाहिजे. कुठे उंचवटा राहिला आणि वर स्क्रू आवळला की नळी ताणाखाली येते आणि छरे रोज वेगळ्या जागी लागतात. मिस्त्रींनी तेलाच्या दिव्याचं काजळ धरलं, बोटानं यंत्राच्या पोटाला पातळ फासलं, हलकेच खाचेत दाबलं आणि उचललं. लाकडावर तीन-चार काळे डाग. तेवढेच डाग पटाशीनं कागदाइतके तासले. परत काजळ, परत दाब. मी दोन तास स्टुलावर बसून होतो, तेवढ्यात त्यांनी बावीस वेळा उचललं, मी मोजत होतो. शेवटी सबंध खाच सारखी करडी झाली तेव्हा हात पुसले. स्क्रूच्या भोकांत पितळी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, बसवले, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगो की आक्रसो, आवळण पितळेवर येते.

गालाची उंची ठरवायला तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितलं. उघड. काय दिसतं? छिद्राच्या वर बघतेय. थोडं तासलं. परत मीट, परत उघड. पाचव्या वेळेला ती काहीच बोलली नाही, नुसती हसली.

वर जवसाच्या तेलाचे सात हात. चकचकीत नाही, पण घामट तळव्याला धरून राहतो. तेलाच्या चिंध्या ते पाण्याच्या बादलीत टाकतात. गोळा करून कोपऱ्यात ठेवल्या तर आपोआप पेटतात. घरी तेलाचा हात देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता जे खटकलं ते. तीन आठवडे सांगितले, लागले सहा, आणि मधे फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. कच्ची पावतीसुद्धा देत नाहीत. मुठीवर जाळी कोरत नाहीत. डोळे आता साथ देत नाहीत, असं सरळ सांगितलं. दस्त्याच्या मागची, खांद्याला टेकणारी रबराची पट्टी एका बाजूला केसभर बाहेर आहे. चाप आणि वॉल्व्हला हात लावायला त्यांनी साफ नकार दिला, आणि तो मला योग्यच वाटतो. रायफल देताना हवेची टाकी काढून, नळीत छरा नाही हे त्यांच्यासमोर दाखवून द्या. ते स्वतःही बघतात. लाकडासकट ८,३०० रुपये घेतले.

दस्ता श्रावणापूर्वी आला. पूर्ण पावसाळा गेला, खाच तशीच आहे, स्क्रू पाव फेरासुद्धा फिरवावा लागला नाही. छऱ्यांचा आडवा पसारा गेला. आता चूक होते ती वरखाली, आणि ती श्वासाची आहे असं तिचे सर म्हणतात.

दस्ता देताना मिस्त्रींनी एका कागदी पुडीत त्याच सागाच्या चार चकत्या दिल्या, प्रत्येकी पाच मिलिमीटर. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये घालायच्या, पोरगी उंच होईल तशी एकेक. दिवाळीत तिची उंची मोजली आणि पहिली चकती घातली.